पहिल्या बेसजवळची रेघ

आमच्या काकांना सगळे चुनेकाका म्हणत. बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं त्यांचं काम. माणूस इतका रेघेचा, की काकू म्हणायची, यांची चादरही काटकोनात घालावी लागते.

खेळ तसा सोपा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. बॅटवाल्याने चेंडू मारायचा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला शिवून होमवर, म्हणजे जिथून मारलं त्या चौथ्या कोपऱ्यावर परतायचं, की झाला रन. एका दमात जमलं नाही तर मधल्या बेसवर थांबून मागच्याच्या फटक्याची वाट बघायची. तिघे आऊट झाले की डाव खलास. बेसवर उभे असलेले फुकट गेले. घड्याळाचा इथे काही संबंध नाही.

माझे बाबा तिसऱ्या बेसवर उभे असतानाच छातीत कळ येऊन गेले. दोघे आऊट झाले होते आणि पुढची बॅट काकांची होती. सामना तिथेच थांबला, तो कायमचा. काकांनी मग मैदानाचीच नोकरी धरली.

संध्याकाळी मारलेली रेघ सकाळी तिसऱ्या बेसपाशी फिसकटलेली असे. काकू म्हणाली, कुत्री असतील. काका म्हणाले, कुत्री बूट घालत नाहीत. मला काकांचा रागच यायचा, बॅट त्यांची होती. गेलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये.

बाबा गेले त्या दिवशी चेंडू टाकणारा गडी आता दुधाची गाडी चालवायचा. काकांनी एका सकाळी त्याला धरून आणलं. तो चेष्टा करतच आला, पण तिसऱ्या बेसकडे एकदा बघून त्याने चेंडू हातात घेतला. काकांचे पहिले दोन फटके हुकले. तिसरा हुकला असता तर काका आऊट, डाव संपला आणि बाबा तिथेच. तिसरा चेंडू बॅटला लागून लांब गवतात गेला आणि काका धापा टाकत पहिल्या बेसवर पोचले.

होमची पाटी मी आधीच पुसून ठेवली होती. तिच्यावर चुन्याचा एक बूट उमटला. अंगठ्यापाशी झिजलेला, बाबांचाच. मी तिथेच बसून रडले.

"मी आता इथे," काका पहिल्या बेसवरून म्हणाले. चहाला मात्र आले.

गेल्या वर्षी काका गेले. रेघा आता मी मारते. तिसऱ्या बेसची रेघ शाबूत असते; फिसकटते ती पहिल्याची.

त्यांच्यामागे बॅट माझी. साध्या फटक्याने भागायचं नाही. काका सुटले तरी बेसवर मी अडकेन. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर मात्र सगळेच परत येतात, मारणाराही. म्हणून रोज सराव करते. चेंडू कुंपणाला लागून मागे येतो.

परवा माझ्या मुलीने बॅट उचलली. "आई, तुझ्यानंतर मीच ना?"

मी बॅट हिसकावून घेतली. सराव झाला की ती आता कुलपात असते. काका, रागावू नका, चेंडू कुंपणापलीकडे जाईपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल.

आज सकाळी पहिल्या बेसपाशी रेघ उरलीच नव्हती, नुसता बुटांनी तुडवलेला चुना होता.