रेघोबाची लाल टोपी

सव्विसावी क्वेरी लिहिली आणि मी विष्णूला फोन लावला. त्याने उचलला नाही. दहा मिनिटांनी मेसेज आला: ‘मॅडम, पुस्तक छापू नका. माफ करा.’

तो गुरुवार होता. फाईल सोमवारी प्रेसला जायची होती.

मी मॅन्युस्क्रिप्ट एडिटर आहे. जुन्या जालन्यात कापडाच्या एका ठोक दुकानावर आमचं घर आहे, त्यातली रस्त्याकडची खोली म्हणजे माझं ऑफिस. प्रकाशक हस्तलिखितं पाठवतात, मी ती दोनदा वाचते. पहिलं वाचन कथेसाठी. कुठे रेंगाळते, काय कापायचं, कोणतं पात्र नको, याचा रिपोर्ट देते. लेखकाने बदल केले की दुसरं वाचन. तेव्हा मी तक्ता भरते: कोणत्या पानावर कितवा दिवस आहे, कोणाच्या अंगावर काय आहे, घोडा कोणत्या पायाने लंगडतोय. तक्त्यात जे जुळत नाही त्याचा प्रश्न लेखकाला जातो. त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. वीस वर्षं माझा हाच क्रम आहे.

विष्णू मूळचा कुंभार पिंपळगावचा. अंबडकडच्या एका साखर कारखान्यावर वजनकाट्याचा क्लार्क आहे. वय तिशीच्या आत. पहिल्याच फोनवर त्याने सांगून टाकलं होतं, “मला अहोजाहो करू नका मॅडम, मंग मला बोलताच येत न्हाई.” त्याने फँटसी लिहिली होती आणि ते त्याचं पहिलं पुस्तक होतं.

गोष्ट अशी. तेजा नावाच्या मुलीला दगडी गरुडाचं अंडं सापडतं. ते बरोबर चाळिसाव्या दिवशी फुटणार. त्या वेळी अंडं सातव्या डोंगराच्या माथ्यावर असलं तर पिल्लू उडेल, नाहीतर जागच्या जागी त्याचा दगड होईल. तेजाबरोबर एक वाटाड्या असतो, दोन सैनिक असतात आणि गाढवावर बसलेला रेघोबा असतो.

हा रेघोबा कादंबरीकार. तीस वर्षं एकाच कादंबरीचं पहिलं वाक्य लिहितोय. ‘नदी गार होती’ असं लिहायचं तर आधी नदीत उतरणार. पूल लागला की पावलांनी मोजणार, मध्येच आकडा विसरणार आणि परत पहिल्यापासून मोजणार. मागे शत्रूचं सैन्य आलेलं असलं तरी. त्याच्याजवळ दोन टोप्या आहेत. खरं लिहिताना पांढरी, खोटं लिहिताना लाल. रोज संध्याकाळी पांढरी टोपी घालून तो सगळ्यांना दिवसभराचं टिपण वाचून दाखवतो. ‘अंडं मिळून आज चौदावा दिवस. डाळ संपली. घोडा डाव्या पायाने लंगडतो. कोणी कोणाशी बोललं नाही.’ बाकीचे कंटाळून कूस बदलतात.

मीही कंटाळले. रिपोर्टमध्ये मी लिहिलं: ‘रेघोबा लढत नाही, दार उघडत नाही, कोणाला वाचवत नाही. तो काढला तर कथेत काहीही बदलत नाही. बेचाळीस पानं कमी होतील.’

विष्णूचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘बराबर आहे मॅडम. काढतो.’ आठ दिवसांत नवी फाईल आली. रेघोबा साफ गेला होता.

मग मी तक्ता भरायला बसले आणि काहीच जुळेना. डाळ संपल्यावर तीन दिवसांनी वरण शिजत होतं. घोडा कधी डाव्या पायाने लंगडत होता, कधी उजव्या. सैनिकाची जखम भरून आल्यावर वाहत होती. आणि सगळ्यात मोठी चूक शेवटी होती. चाळिसाव्या दिवशी फुटणारं अंडं, दिवसांची बेरीज केली तर एकोणचाळिसाव्या दिवशी फुटत होतं. ही सव्विसावी क्वेरी. पोरगा निष्काळजी आहे, असं माझं मत झालं. त्यातच तो मेसेज.

मी प्रकाशकांना कळवलं.

“लेखक पळाला का, बाई?”

“पळाला नाही. रुसलाय.”

“मग समजूत काढा. सोमवार चुकला तर हे पुस्तक या वर्षीच्या यादीतून गेलं. पुढच्या वर्षी नव्या लेखकाची फँटसी घेईन की नाही, मला आत्ता सांगता येत नाही.”

शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी अंबडला गेले. पुढे ऑटो केली. गळीत हंगाम सुरू होता, काट्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. खिडकीशी विष्णू बसला होता. मला पाहून खुर्चीतून उठलाच.

“तुम्ही कशाला आल्त्या मॅडम? फोन करायचा.”

“केला होता.”

त्याने वजनाच्या स्क्रीनकडे नजर वळवली. मी क्वेऱ्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवला. एका ट्रॉलीचं वजन होईपर्यंत त्याने तो वाचून संपवला आणि परत केला.

“हे सगळं आधी बराबर होतं.”

“आधी म्हणजे कधी?”

“रेघोबा होता तवा. दिवस मी मोजत न्हाई मॅडम, तो मोजायचा. डाळ, घोडा, समदं त्याच्याकडं. मी त्याला इचारून लिहायचो.”

लेखक असं बोलतात. मी तिकडे सहसा लक्ष देत नाही.

“मग काढायला सांगितलं तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही इतक्या वर्सांपासून हे काम करून राह्यल्या. म्हणलं, मॅडमला दिसलं असंल काहीतरी. काढला. मंग वाचून पाह्यलं तर माझं वाटंना.”

बाहेरून ट्रॅक्टरवाला ओरडला, “ओ लेखक! काटा चालू हाय का कथाकथन? जल्दी करा, बैल न्हाई आमचा, डिझेल जळतंय!”

विष्णूने त्याला हात केला. आकडा टिपला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

“हे भरलेलं वजन. ह्याच्यावरून ऊस किती, ते सांगा.”

“कसं सांगणार? ट्रॅक्टर आणि ट्रॉली त्यातच आहेत.”

“बराबर. ऊस खाली करून गाडी परत येती, तवा रिकामं वजन होतं. दोन्हीतला फरक म्हणजे ऊस. एका वजनावर कुणीच पावती देत न्हाई.” त्याने स्क्रीन परत वळवला. “तेजासोबत दिवसभर जे घडतं ते भरलेलं वजन. संध्याकाळी रेघोबा वाचतो ते रिकामं. फरक वाचणाऱ्यानं काढायचा. तुम्ही मला एकाच वजनाची पावती फाडायला लावली.”

मला हे आवडलं नाही, कारण ते पटलं. पण मीही सहज सोडणारी नाही.

“डाळ आणि घोडा मान्य. अंड्याचं काय? रेघोबाच्याच मोजणीने ते एकोणचाळिसाव्या दिवशी फुटतं. जुन्या फाईलमध्येही तसंच आहे. ती चूक तुझी.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“पहिली फाईल तुम्ही पूर्ण वाचली ना मॅडम?”

“अर्थात.”

“टोपी पाह्यली?”

“कसली टोपी?”

“मंग परत वाचा,” तो म्हणाला आणि पुढच्या ट्रॉलीला हात केला.

वीस वर्षांत मला कोणी ‘वाचलं का’ असं विचारलं नव्हतं. परतीच्या एसटीत तेवढंच डोक्यात होतं.

शनिवारी सकाळी जुनी फाईल उघडली आणि जे काम रिपोर्टच्या आधी करायला हवं होतं ते केलं. रेघोबासह तक्ता भरला. दुपारपर्यंत पंचवीस क्वेऱ्या मिटल्या. प्रत्येकीचं उत्तर त्याच्या संध्याकाळच्या टिपणात होतं, एखाद्या ओळीत, कुठेही जोर न देता. वीस वर्षं मी जो तक्ता कागदावर भरतेय, तो हा माणूस गाढवावर बसून भरत होता, आणि माझ्याहून नेटका.

सव्विसावी राहिली. दिवस मोजत मी पुढे गेले आणि एका जागी अडखळले. ‘आज एकतिसावा दिवस’ हे वाक्य सलग दोन संध्याकाळी येतं. समासात माझीच जुनी नोंद होती: ‘पुनरुक्ती’.

या वेळी मी ते पान सावकाश वाचलं. एकतिसाव्या दिवसानंतर धुकं उतरतं. दिवस कधी उगवला, कधी मावळला, रेघोबाखेरीज कोणाला कळत नाही. सगळे एकाच जागी अडकून पडतात. धुकं निवळतं तेव्हा बत्तिसाव्या दिवसाची संध्याकाळ असते, म्हणजे आठ दिवस उरलेले. वाटाड्या सांगतो, इथून माथ्यापर्यंत नऊ दिवसांची वाट आहे. सैनिक रेघोबाला विचारतात, किती उरले? आठ म्हटलं तर ते परत फिरणार, त्यांनी गाठोडीसुद्धा बांधलेली असतात. रेघोबा झोळीत हात घालतो, लाल टोपी काढतो, डोक्यावर ठेवतो आणि वाचतो, ‘अंडं मिळून आज एकतिसावा दिवस. नऊ उरले.’

टोपीकडे कोणी बघत नाही. त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनी केव्हाच सोडलेलं असतं. मी धरून.

सकाळी सगळे निघतात. रेघोबा गाढव अंड्याला देतो आणि स्वतः सर्वांच्या पुढे चालतो. वाटेत तीन पूल लागतात. तो एकही मोजत नाही. त्याच्यामागे धावत बाकीच्यांची नऊ दिवसांची वाट आठ दिवसांत होते. माथ्यावर पोचतात तेव्हा त्यांच्या हिशेबी एकोणचाळिसावा दिवस असतो. अंडं खाली ठेवतात आणि ते फुटतं. पिल्लू उडतं. सगळे चमत्कार झाला म्हणून नाचतात. रेघोबा एका कडेला बसून लाल टोपी काढतो, पांढरी घालतो आणि तीस वर्षं अडलेलं पहिलं वाक्य लिहून टाकतो. ते वाक्य काय होतं, हे विष्णूने सांगितलेलं नाही.

‘कोणाला वाचवत नाही,’ असं मी याच माणसाबद्दल लिहिलं होतं.

विष्णूला फोन केला. या वेळी त्याने लगेच उचलला.

“रेघोबा परत घेतेय. जुनीच फाईल जाईल.”

“पाह्यली का टोपी?”

“पाहिली. छान केलंस.” मी सहसा हे म्हणत नाही. “पण एक वाक्य वाढव. तो खोटं बोलला, हे कोणाला तरी कळू दे. माझ्यासारख्या बाईकडून सुटलं, तर वाचकाकडून सुटणारच.”

“सुटू द्या मॅडम. काट्यावर बी निम्मे लोक पावती न वाचता खिशात घालतेत. म्हणून आपण आकडा मोठा लिहितो का?”

मी वाक्य वाढवलं नाही.

प्रकाशक मात्र भडकले. “बाई, ‘काहीही बदलत नाही’ हे तुमचेच शब्द आहेत. माझ्यासमोर रिपोर्ट उघडा आहे.”

“रिपोर्ट चुकला.”

“कोणाचा?”

“माझा. सही बघा.”

त्यांनी बहुधा सही बघितली. मग म्हणाले, “बेचाळीस पानं वाढली.”

“वाढली नाहीत. जागेवर आली.”

सोमवारी फाईल गेली आणि पुस्तक आलं. काही दिवसांनी प्रकाशकांनी मला परतूरच्या एका वाचकाचं पत्र पाठवलं. तीन पानी पत्र, तक्रारीच्या सुरात. अंडं एक दिवस आधी फुटलं, एवढी ढोबळ चूक एडिटरच्या नजरेतून सुटलीच कशी? मी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं: ‘एकतिसावा दिवस पुन्हा वाचा. टोपीकडे लक्ष द्या.’ त्यांचं परत पत्र आलं नाही. त्यांनी पुस्तकाच्या आणखी दोन प्रती मागवल्याचं मात्र प्रकाशकांकडून कळलं.

तेव्हापासून मी तक्ता आधी भरते आणि रिपोर्ट नंतर लिहिते. माझ्या जुन्या तक्त्यात दिवस, जागा, कपडे, जखमा असे रकाने होते. त्यात आता एक रकाना वाढवलाय, ‘टोपी’. बहुतेक पुस्तकांत तो रिकामाच राहतो.