तीन महिन्यांनी दाखवायला आणा

माझ्या थोरल्या जावेच्या छातीतली गाठ मिरजेच्या एका सर्जननं काढली, तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि ती अडतिसाची. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. गाठ काढली म्हणजे उजवीकडची अख्खी छातीच काढली, पार काखेपर्यंत टाके. सोलापुरात मात्र सांगितलं की काखेत गळू झालं होतं, ते फोडलं. हे डोकं भावजींचं, म्हणजे अक्काच्या यजमानांचं. गिरणीत कारकून होते, आणि लोक काय म्हणतील याच्या पुढं त्यांचा विचार कधी गेला नाही. पण या एका बाबतीत त्यांना तरी काय बोलायचं? घरात पंधरा वर्षांची मुलगी होती, एकुलती एक. आईला असला रोग आहे म्हटल्यावर तिला कोण करून घेणार? हा रोग आईकडून लेकीला जातो असं लोक धरूनच चालायचे. एका तांब्यातलं पाणी प्यायलं तरी लागतो म्हणणाऱ्या बायकाही आमच्या गल्लीत होत्या.

घरी सोडायच्या दिवशी मी सर्जनना विचारलं, आता हे परत नाही ना येणार? बाईमाणसानं तोंड उघडून विचारायची पद्धत नव्हती. भावजी खाली मान घालून उभे होते, मग कुणीतरी विचारायला नको? सर्जन चिडले नाहीत. ओसरीवर एक माणूस गालाला फडकं बांधून बसला होता, तंबाखू खाणारा. त्याच्याकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले की गालाचा, जिभेचा कॅन्सर उलटला तर बहुधा वर्ष-दोन वर्षांत उलटतो, जुन्या जागेच्या शेजारीच. कातडीवरचा नीट कापला तर बहुतेक वेळा येतच नाही. छातीचा मात्र बेभरवशाचा. सहा महिन्यांत येतो, कधी दहा वर्षं गप्प बसून येतो, कुणाला मरेपर्यंत येत नाही. मी म्हटलं, म्हणजे दहांतल्या किती जणींना येतो? ते म्हणाले, "आकडा सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा. टाक्यांपाशी ज्वारीच्या दाण्याएवढं काही लागलं, तर तीन महिनेसुद्धा थांबू नका."

मी मान हलवली. ही जबाबदारी माझी, असं मीच ठरवून टाकलं.

आता प्रश्न आला मिरजेला जायचं कसं. गळवासाठी दर तीन महिन्यांनी कोण मिरजेला जातं? भावजींना सारखी रजा मिळायची नाही, आमचे हे शाळेत मास्तर, त्यांचंही तेच. शेवटी अक्कानंच तोड काढली. कुर्डुवाडीला उतरून छोटी गाडी धरायची, ती पंढरपूरवरूनच मिरजेला जायची. मग पंढरपूरला जातो म्हणून सांगायचं. विठोबाला निघालेल्या दोन बायकांना कुणी का म्हणून विचारत नाही. मिरजेला दाखवून दुसऱ्या दिवशी परत येताना पंढरपूरच्या स्टेशनात गाडी उभी राहिली की मी पळत खाली उतरायची, चुरमुरे-बत्तासे आणि बुक्क्याची पुडी घ्यायची आणि पळत चढायची. घरी येऊन गल्लीभर प्रसाद वाटायचा. विठोबाला तोंडही न दाखवता! मला आपलं हसू यायचं. अक्काला यायचं नाही. ती प्रत्येक पुडी देवापुढं ठेवून आधी नाक घासायची.

तीन खेपा अशा झाल्या. तिन्ही वेळा सर्जननी काख, गळा, टाके चाचपून सांगितलं, काही नाही, या आता. बाहेर आल्यावर अक्का लहान मुलीसारखी भराभर चालायची. गाडीत बसल्यावर तिचे हिशेब सुरू. गालाचा वर्षात येतो ना, मग माझं तर वर्ष होत आलं. मी म्हणायची, अक्का, तुमचा गालाचा नाही. ती म्हणायची, गप गं, रोग तो रोग. खरं सांगायचं तर मलाही तो हिशेब पटवून घ्यावासा वाटायचा.

चौथ्या खेपेला घोळ झाला. ऑपरेशनला वर्ष झालं होतं. कुर्डुवाडी सोडल्यावर मधल्या एका स्टेशनवर करकंबची एक बाई डब्यात चढली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, बोलायला मोकळी. कुठल्या तुम्ही, कोणाच्या, कशाला निघाला, सगळं विचारून झालं. अक्का सवयीनं सांगून गेली की दर तीन महिन्यांनी पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाई आमच्यातलीच निघाली. घरी ऊस, गुरंढोरं, आणि धाकटा मुलगा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर. ती अक्काकडे बघतच राहिली. "लई पुण्याची बाई हाय तुमी," म्हणाली, "अशा आईची लेक घरात यायला पायजे."

पंढरपूर आलं. ती उतरली आणि आमची बोचकी हातात घेऊन आमची वाट बघत उभी राहिली. आता काय करता? आमच्याजवळ तिकिटं मिरजेची, आणि तोंडानं विठोबा सांगितलेला. उतरलो. देवळात नेलं, तिच्या नात्यातल्या घरी मुक्काम करायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः येऊन आम्हाला परतीच्या गाडीत बसवलं. मिरजेचा सर्जन राहिला मिरजेला. गाडीत मी चडफडत होते. अक्का मात्र खुशीत. विठोबानंच बोलावलं म्हणाली, मुलीचं त्यानंच बघितलं.

दसऱ्याला सुपारी फुटली. मुलगा खरंच चांगला होता, आणि चांगला होता हीच पंचाईत. नोकरी कुर्डुवाडीला. आम्ही येणार असं कळलं की हा फलाटावर हजर, पंढरपूरची दोन तिकिटं हातात घेऊन, आणि आईला निरोप धाडलेला की सासूबाई येतायत. त्याचा डोळा चुकवून मिरजेला जायचं कसं? पुण्याला जायचं तरी गाडी कुर्डुवाडीवरूनच. सोलापुरातल्या डॉक्टरला दाखवावं, तर त्याचा कंपाउंडर आमच्याच गल्लीतला. लग्न होईपर्यंत नको, असं ठरलं. ठरलं म्हणजे अक्का म्हणाली, भावजींनी मान हलवली आणि मी तोंड वाजवून गप्प बसले. भाद्रपदातली खेप लग्नाची बोलणी चालली होती म्हणून चुकली होती, आता मार्गशीर्षातलीही चुकली.

संक्रांतीला कासार बांगड्या भरायला आला. अक्काच्या डाव्या हातात नेहमीच्या मापाच्या बांगड्या सरकन गेल्या. उजवा हात काही केल्या जाईना. तेल लावलं, कासारानं दाबून बघितलं, दोन बांगड्या फुटल्या. शेवटी त्या हाताला एक माप मोठं घ्यावं लागलं. जमलेल्या बायका काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, अक्का सुधारल्या हो, अंगावर मांस आलं, लेकीचं लग्न ठरल्याचा आनंद दिसतोय. अक्काही हसली. आणि मी, जिनं सर्जनचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं, मीही म्हटलं, खरंच की, भरल्या तुम्ही. एकाच हातानं कुणी भरतं का? कपाळ माझं! इतकी कशी मी आंधळी झाले ते मला आजही सांगता येत नाही.

आठ दिवसांनी मी लेकीच्या लग्नासाठी अक्काच्या चोळ्या शिवायला घेतल्या. ऑपरेशननंतर तिच्या चोळ्या मीच शिवायची, उजव्या बाजूला आतून कापसाची गादी घालून, म्हणजे बाहेर कळू नये. माप घ्यायला काखेत बोट घातलं आणि बोटाला दाणा लागला. अगदी ज्वारीचा दाणा. कडक, सुईच्या टोकानं हलवावा तर हलणार नाही असा.

मी म्हटलं, अक्का, उद्या मिरजेला जायचं. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, महिना झाला. मला इतका राग आला की मी हातातली कात्री भिंतीवर फेकली. म्हटलं, मी आत्ता भावजींना सांगते, फिटरला सांगते, मोडलं लग्न तर मोडू दे. तिनं दार लावलं आणि माझा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला.

"पोरीचं मोडलं तर ते माझ्यामुळं मोडलं असं जन्मभर तिला वाटेल," ती म्हणाली. "वैशाखापर्यंत थांब. नंतर तू म्हणशील तिथं येते. बोललीस तर मी तुझ्याशी मरेपर्यंत बोलणार नाही."

मी थांबले. मी मोठी रागीट, गल्लीतले सगळे माझ्या तोंडाला भिऊन असायचे, आणि मी थांबले. रोज दुपारी गिरणीचा भोंगा झाला की मी तिला आतल्या खोलीत नेऊन बोट लावून बघायची. दाण्याचा वाटाणा झाला. शेजारी दुसरा आला. फाल्गुनात गळ्याच्या हाडाच्या वर एक लागला. दर वेळी मी म्हणायची, आता बास, आता सांगते. दर वेळी तिचं तोंड बघून माझं तोंड बंद व्हायचं. मी देवाला शिव्या घालायची, फिटरला घालायची, त्या करकंबच्या बाईला तर रोज. त्या बिचारीनं काय केलं होतं? अक्काला चांगलं म्हटलं, एवढंच.

लग्न झालं. वैशाखातलं ऊन, मांडवात अक्का दिवसभर उभी, उजवा हात पदराखाली. करकंबचे लोक म्हणाले, विहीणबाई लई सोसणाऱ्या हायत. पोरगी सासरी गेली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कुर्डुवाडीला जावई भेटला, त्याला सरळ सांगितलं, मिरजेला चाललो. त्या बिचाऱ्यानं काही विचारलंही नाही.

सर्जननी तिला तपासलं. किती दिवस झाले, विचारलं. अक्का म्हणाली, आठ दिवस. माझ्यावर येऊ नये म्हणून ती खोटं बोलली हे मला कळलं. त्यांनी मला ओसरीवर बोलावून पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, चार महिने. पाच असतील. मला वाटत होतं त्यांनी माझ्या कानाखाली मारावी.

"गाठ दाण्याएवढी होती तेव्हा आणली असती तर काढता आली असती," ते म्हणाले. "पुन्हा आलीच नसती असं म्हणत नाही. पण दोन-चार वर्षं नक्की मिळाली असती. आता ती आत गेली आहे, मी कापून काही होणार नाही." मुंबईला रेडियमनं उपचार करतात म्हणे, मी विचारलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

पावसाळ्यात अक्कानं अंथरूण धरलं. श्वास लागायचा, पाठीचं हाड दुखायचं, कुशीवर वळवायला मी आणि आमचे हे दोघं लागायचो. लेक येऊन गेली, तिला सांगितलं संधिवात आहे. काय करू नि कसं करू असं व्हायचं मला. काढे झाले, अंगारे झाले, एका वैदूची पानं बांधून झाली. ती सगळं मुकाट्यानं घ्यायची. दिवसा नाही, रात्री नाही, डोळ्याला डोळा म्हणून लागायचा नाही तिचा. मला वाटायचं दुखतंय म्हणून.

एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. घरात आम्ही दोघीच. तिनं चमचा बाजूला केला.

"खरं सांग," ती म्हणाली. "तेव्हाच गेलो असतो तर मी वाचले असते का गं? डॉक्टर तुला बाहेर काय म्हणाले?"

मी तिच्या डोळ्यांकडे बघून सांगितलं, "नाही. ते म्हणाले, तेव्हा आणलं असतं तरी मला काही करता आलं नसतं. ही जात परत यायचीच होती."

मग तिनं मोठा श्वास सोडला.

"मग बरं झालं," म्हणाली. "मला वाटायचं, मीच माझ्या हातानं मेले."

त्या दुपारी ती झोपली, कितीतरी दिवसांनी. मी पेजेचं भांडं घेऊन चुलीपाशी गेले आणि तिथंच बसून राहिले. डॉक्टर खरं काय म्हणाले ते मी आमच्या यांनासुद्धा कधी सांगितलं नाही.