दारावरच्या वन्सं

माझी नणंद रुग्णालयात नोकरी करते म्हटलं की लोक विचारतात, "कुठल्या वॉर्डात?" ती कुठल्याच वॉर्डात नसते. ती दारात असते. तातडीच्या विभागाचं काचेचं दार उघडलं की तीन पावलांवर एक उंच टेबल आहे, त्यावर तीन रंगांच्या पट्ट्यांची रिळं, आणि टेबलामागे गेली तेवीस वर्षं माझी नणंद. येणाऱ्या प्रत्येकाला ती निरखते आणि मनगटाला पट्टी बांधते. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे थोड्या वेळाने, हिरवी म्हणजे बसा. डॉक्टर नंतर, आधी ती.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी मी तिला चिडवायला 'वन्सं' म्हणते, कारण बाईसाहेब नाकावर माशी बसू देत नाहीत. तिथली मंडळी पाठीमागे तिला हवालदार म्हणतात. आणि गंमत अशी की, नर्सिंग शिकायला गेली तेव्हा पहिल्याच दिवशी ही रक्त बघून धाडकन पडली होती. माझे सासरे म्हणाले, "झालं, बांधा गाठोडं आणि या परत." ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तेव्हापासून उभीच आहे.

आमचं फार गूळपीठ होतं असं नाही. घरच्या एकाही कार्याला ती वेळेवर आली नाही, आणि आली तर अर्ध्या ताटावरून उठून गेली. मीही ऐकवायला कमी केलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच आहे.

नव्या मुलींना ती शिकवते, "ओरडतोय ना? मग त्याला श्वास आहे. गप्प कोण बसलंय ते बघा." शिवाय तिची एक खोड आहे. आणलेल्या माणसाइतकंच ती आणणाऱ्यालाही न्याहाळते. नोकरीच्या सुरुवातीला एक आजी तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू वाचला, आणि आजी बाकावर बसल्या बसल्या गेल्या. वहीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं, त्या नुसत्या सोबत आलेल्या. हे ती कधी विसरली नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी माझे यजमान, म्हणजे तिचे दादा, मी नको म्हणत असताना छताचा पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. कपाळ फुटलं, मनगट टम्म सुजलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही रुग्णालय गाठलं, तोवर "मेलो, मेलो" चालूच होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गाड्यांची टक्कर झाली होती, एकामागून एक स्ट्रेचर येत होते.

"छोटे, आधी मला घे!" दादा गरजले.

तिने कपाळ पाहिलं, बोटं हलवायला लावली, दोन प्रश्न विचारले आणि हिरवी पट्टी बांधली.

"हिरवी? सख्ख्या भावाला?"

"सख्खा भाऊ तासभर थांबू शकतो. बस तिथे." मग ती माझ्याकडे वळली. "वहिनी, तुला काय होतंय?"

"मला कुठे काय? पेशंट हे आहेत."

तिने माझा हात धरला. तो घामाने ओला होता. "जबडा का दाबतेयस?"

"दाढ ठणकतेय सकाळपासून. आणि जरा पित्त झालंय."

तिने रीळ ओढलं. माझ्या मनगटाला लाल पट्टी बांधली आणि मला थेट आत नेऊन एकुलत्या एक रिकाम्या खाटेवर झोपवलं.

आतले तरुण डॉक्टर चक्रावले. "सिस्टर, यांची चिठ्ठीच नाही. अपघाताचे अजून दोघं येतायत."

"चिठ्ठी मागून येईल. ईसीजी काढा."

ईसीजी निघाला. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काही नाही, सिस्टर. घरचं माणूस असलं की होतं असं कुणाचंही. खाट मोकळी करू या."

ते रागावले असते तर परवडलं असतं. सगळा विभाग तिच्याकडे बघत होता. तेवीस वर्षांत तिच्या पट्टीवर कुणी शंका घेतली नव्हती, आणि आज माझ्यापायी ती घेतली जात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठायला लागले. "जाऊ दे ना गं, उगाच तमाशा."

"उठलीस तर बांधून ठेवीन," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, "दहा मिनिटांनी परत काढा. तोवर हिच्यापेक्षा वाईट कुणी आलं तर मी स्वतः हिला उठवीन. पण आत्ता इथं सगळ्यांत वाईट हीच आहे."

त्या दहा मिनिटांत दोन स्ट्रेचर आले. दोन्ही वेळा ती धावत दारात गेली, पिवळी पट्टी बांधली आणि परत माझ्या उशाशी आली. दुसरा ईसीजी निघताना डॉक्टर अर्ध्यातच ओरडले, "वर हृदयविभागाला कळवा! आत्ता!" हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी बंद होत आली होती. बाकावर बसले असते तर मीही नुसती सोबत आलेलीच राहिले असते.

संध्याकाळी रक्तवाहिनी मोकळी झाल्यावर ती मला भेटायला वर आली. मी विचारलं, "जबड्यावरून ओळखलंस ना?"

"जबडा नंतर. दादा तुझं न ऐकता स्टुलावर चढला, पडला, एवढा तमाशा केला, आणि तू त्याला एक शब्द बोलली नाहीस. म्हणून तर मी तुझ्याकडे वळले."

एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात खालून बोलावणं आलं. डोळे पुसून ती निघालीसुद्धा.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "या मोठ्या डॉक्टर का हो?"

मला बोलायची सक्त मनाई होती. तरी उशीवरून मान उचलली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डॉक्टर नाही. ती माझी नणंद आहे."