दोन गल्ल्यांचं पाणी

सिस्टर गेल्या त्याला आता दुसरा उन्हाळा. मिशनच्या दवाखान्यात त्या नन, मी नर्स. त्या मूळच्या केरळच्या, पण अर्धं आयुष्य हिंगोलीत काढल्यामुळे बोलणं पक्कं इकडचं. कुठल्या गावात दोन गट भिडले की औषधांची पेटी माझ्या हातात देऊन त्या निघायच्या. भाषण नाही, समजावणं नाही. दोन गल्ल्यांच्या मधोमध बसायचं आणि दोन्हीकडून पाणी येईपर्यंत थेंबही घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. आल्यागेल्याला आपल्याकडे आधी पाणी देतात. त्या नेमकं तिथंच बोट ठेवायच्या. बहुतेक ठिकाणी थोड्या वेळात दोन तांबे यायचे, आणि ते घेऊन आलेली माणसं मग एकमेकांशी बोलायचीच.

सेनगावकडच्या त्या गावात वरातीवरून दगडफेक झाली होती. एक गल्ली हिंदूंची, एक मुसलमानांची. सिस्टरांचं किडनीचं दुखणं तेव्हा बळावलेलं, डॉक्टरांनी सारखं पाणी प्यायला बजावलेलं, त्यात मे महिन्याचं ऊन. दोन्हीकडच्या बाया भरलेले तांबे घेऊन दारात उभ्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. पण जो आधी पाणी नेईल त्यानं चूक कबूल केली असं होईल, म्हणून पुरुष त्यांना उंबरा ओलांडू देईनात. दुपार कलली. मी पिशवीतली बाटली काढली.

"सिस्टर, घोटभर तरी घ्या. तुमाला झेपणार न्हाई."

"तुझं पाणी न्हाई चालत, पोरी. माझी तहान त्यायला दिसू दे."

गावाचा राग तर होताच, पण त्या घटकेला मला त्यांचाही भयंकर राग आला.

दिवस मावळताना दोन म्हाताऱ्या, एक इकडची, एक तिकडची, कुणाला न विचारता एकदमच निघाल्या. सिस्टर दोन्ही तांब्यांतलं पाणी प्याल्या. गावात समेट झाला. त्या मात्र त्याच आठवड्यात गेल्या.

मातीला दोन्ही गल्ल्या आल्या, ढसाढसा रडल्या. पुढे त्यांच्या आठवणीला गावानं पाणपोई घातली असं ऐकून मी मुद्दाम गेले. त्या बसल्या होत्या त्याच जागी, लिंबाखाली, रांजण होते. दोन. एक इकडच्यांचा, एक तिकडच्यांचा. पेलेही वेगळे. भांडण कसलंच नव्हतं. जो तो आपापल्या रांजणातलं पिऊन जात होता.

मी तिथंच बसून रडले. मग उठून एकाचा पेला दुसऱ्याच्या रांजणात बुडवला आणि सगळ्यांच्या देखत प्यायले. निघाल्यावर मागं वळून पाहिलं, तर कुणीतरी तो पेला विसळून परत त्याच्या जागी ठेवत होतं.