चार हातांचा पापुद्रा

गल्लीत सगळे त्यांना सासूसुनेची जोडी म्हणत, आणि म्हणणाऱ्यांना वाटे, केवढी माया आहे बाई दोघींत. कुणाचं लग्न असो, वाढदिवस असो, कुणी नव्या घरात राहायला जावो, फळं भरलेल्या पेस्ट्र्या यांच्याच हातच्या हव्यात. वर लोणी लावून भाजलेले कुरकुरीत पापुद्रे आणि आत जर्दाळूचा आंबटगोड गर. पाहुणे बोटं चाटत आणि दुसरी उचलत. ती करणाऱ्यांच्या घरात काय चाललंय, हे विचारायची सवड असते कुणाला? खरं तर त्या दोघींमध्ये कितीतरी वर्षं विस्तव जात नव्हता.

पण कामाला दोघी लागत. मळलेल्या मैद्याचा गोळा टेबलावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर ठेवायचा, समोरासमोर उभं राहायचं आणि पालथ्या हातांनी तो हलके हलके ताणत न्यायचा, खालची फुलं स्वच्छ दिसेपर्यंत. एकीनं घाई केली की भोक पडलंच. दुसरीनं हात आखडला की तिची बाजू जाड राहिली. म्हातारी म्हणायची, ओढ. सून ओढायची. म्हातारी म्हणायची, पुरे. सून थांबायची. दिवसभरात बोलणं काय ते एवढंच. सुनेला वेगळं राहता आलं असतं, माहेरचे मागेच लागले होते. पण एकटीनं पापुद्रा ताणता येत नाही, आणि शिवाय तिला म्हातारीच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती.

गोष्ट अशी. एका लग्नाच्या ऑर्डरच्या दिवशी जर्दाळू कमी पडले. सुनेचा नवरा रात्रपाळी करून येऊन नुकताच आडवा झाला होता. म्हातारी म्हणाली, पाठव त्याला बाजारात. सून म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या. म्हातारीनं ऐकलं नाही. तिच्या हाताखालून कमी गर भरलेला माल जाणं तिला खपत नसे. शेवटी सुनेनं त्याला हलवून उठवलं. तो डोळे चोळत मोटारसायकलवर बसला, आणि बाजाराच्या वळणावर त्याचा डोळा लागला तो कायमचाच.

अंत्यसंस्काराला जमलेल्यांनी विचारलं, रात्रपाळी केलेल्या माणसाला बाहेर पाठवलंच कुणी? म्हातारी म्हणाली, "हिनं उठवला." खोटं कसं म्हणायचं? उठवलं हिनंच होतं. सून मूग गिळून गप्प बसली. पोर गेलेल्या बाईशी त्या दिवशी काय भांडायचं, असं तिला वाटलं. पुढे बोलेल ती आपणहून, असंही वाटलं. म्हातारी बोलली नाही. नणंदेनं तेव्हापासून वहिनीच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि नातलगांनी सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडून आपापली घरं गाठली.

आणि आता म्हातारी विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. मग एकदा ताणलेल्या पापुद्र्यांवर ओलं फडकं टाकायचं विसरली, आणि सगळे वाळून चुराचुरा झाले. जी बाई फडक्यावरून सुनेला फाडून खायची, ती त्या चुऱ्याकडे बघत हे कुणी केलं म्हणून विचारत होती. सुनेला तिची दया आली नाही. तिला भीती वाटली. हीच विसरली, तर त्या दिवशी काय झालं हे जगात दुसरं कोण सांगणार?

नणंदेनं आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी एक शेवटची ऑर्डर होती, कुणाच्यातरी लग्नाचीच. नणंद बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, घड्याळाकडे बघत. टेबलाशी दोघी समोरासमोर होत्या. म्हातारीचे हात मात्र काही विसरले नव्हते. पापुद्रा सुरेख ताणला जात होता. आज विचारायचंच, असं सुनेनं मनाशी घोकलं होतं, पण अजून विचारलं नव्हतं.

म्हातारीनं गराच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. "जर्दाळू कमी पडणार. पाठव त्याला."

"कुणाला गं आई?" नणंदेनं विचारलं.

"तुझ्या भावाला, आणखी कुणाला? रात्रपाळी केली म्हणून लोळत पडलाय. हिला मघापासून सांगतेय उठव, तर ही ऐकत नाही. झोपू द्या म्हणते."

नणंदेच्या हातातली बॅग खाली टेकली. तिनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ज्या शब्दांसाठी तिनं आयुष्य त्या टेबलाशी काढलं, ते आले होते, आणि तिला काडीचाही आनंद झाला नव्हता. तिच्या पालथ्या हातांवर पापुद्रा तसाच होता. हात हलवला असता तर फाटला असता.

"झोपू द्या त्यांना, आई," ती म्हणाली. तेव्हा म्हणाली होती, अगदी तसंच.

म्हातारीनं पुन्हा पातेल्यात पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "झोपू दे. दमला असेल. आहेत तेवढ्यात भागवू आपण."

आणि मग तिनं समोरून हलकेच सांगितलं, ओढ.