टॉप-अप काका

फोन उचलला की काका 'हॅलो' म्हणायचे नाहीत. 'जय भीम. बोल लवकर, बॅलन्स चाललाय,' म्हणायचे. आलेल्या फोनचे पैसे पडत नाहीत हे मी शंभरदा सांगितलं असेल. त्यांनाही ते ठाऊक होतं. पण आपल्यापायी कुणाचा वेळ जाऊ नये याची त्यांना फार धास्ती, आणि बॅलन्स हे सोयीचं निमित्त होतं.

इंग्लंडात लेस्टरच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा मी त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. काकू आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. महिन्यातून एकदा काका कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मोबाइलचा टॉप-अप, म्हणजे आपला रिचार्ज, करायचे, दुकानदाराशी हवापाण्याचं बोलायचे आणि पावती फ्रिजवर लावून ठेवायचे. कित्येकदा तेवढंच त्यांचं त्या दिवसाचं बोलणं असायचं. विहारातल्या मंडळींनी त्यांचं नाव टॉप-अप काका पाडलं, ते त्यांनी आनंदाने लावून घेतलं.

कामावर पोचले की मी त्यांना मिस्ड कॉल द्यायचा, असा घरचा नियम. माझी एक रिंग म्हणजे पोचले, त्यांची उलट एक रिंग म्हणजे कळलं. एकदा मी विसरले, तर दोन बस बदलून हे छत्री घेऊन वॉर्डच्या दाराशी हजर. फोन करायचा की, म्हटलं, तर म्हणाले, 'तू कामात असशील. उगाच कशाला त्रास?'

शेवटी मीच त्यांना मोबाइलच्या दुकानात नेलं. काँट्रॅक्ट घेतलं की मिनिटं अनलिमिटेड, मग फोन ठेवायची घाई करणार नाहीत, असा माझा विचार. त्यांना खुर्चीवर बसवून, सेल्समनला माझा नंबर देऊन मी ड्यूटीवर गेले. सेल्समनने चोवीस महिन्यांचा करार समजावून सांगितला. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, उठले, 'ओके, आय कम' म्हणाले आणि घरी निघून आले. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, तेच त्यांनी इंग्रजीत म्हटलं. तो बिचारा फॉर्म भरून दुकान बंद होईपर्यंत वाट बघत बसला आणि मग त्याने मला फोन केला.

मी चिडले. नको होतं तर सरळ नाही म्हणायचं, त्या माणसाला ताटकळत का ठेवलंत, असं बरंच बोलले. काका चहा गाळत होते. गाळता गाळताच म्हणाले, "तुझ्या काकूचा फोन काँट्रॅक्टवर होता. ती गेल्यावर बंद करायला मी फोन केला. ती मुलगी म्हणते, मला फक्त अकाउंट होल्डरशी बोलता येईल. मी म्हटलं, बाई, मलाही तिच्याशीच बोलायचंय."

मग तीन वेगवेगळ्या लोकांना त्यांना तेच सांगावं लागलं होतं, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. "माझ्यामागे कुणावर ही पाळी नको," ते म्हणाले. "प्रीपेड बरा. माणूस थांबला की तोही आपोआप थांबतो." काँट्रॅक्टचा विषय मी परत काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. पुण्याच्या पुतण्याला वेळेत व्हिसा मिळाला नाही. विहारात पुण्यानुमोदन झालं, आणि नंतरचे फोन माझ्याकडे आले. कौन्सिल, गॅस, पाणी, पेन्शन. प्रत्येक ठिकाणी तेच संगीत ऐकत थांबायचं, काका गेल्याचं सांगायचं, आणि मग विचारायचे, तुम्ही त्यांच्या कोण? मी 'लॉजर', भाडेकरू, म्हणत राहिले. कागदोपत्री तेच खरं होतं.

सगळ्यात शेवटी त्यांचा मोबाइल उरला. मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले. कुणाला कळवायचं नव्हतं, काही रद्द करायचं नव्हतं. काकांनी माझा तेवढा त्रास वाचवला होता, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. आणखी एका माणसाने मला विचारायला हवं होतं, तुम्ही त्यांच्या कोण. या वेळी मी 'मुलगी' म्हणणार होते.