फोटोपुरती हलवलेली बटणं

माझी धाकटी जाऊ कपडे शिवते. टाका बारीक, पण तोंडाला कुलूप नाही. माप घेता घेता अख्ख्या गल्लीची खबर काढते. आमचं आरोग्य केंद्र एका संस्थेच्या मदतीनं चालतं. ते कसं चाललंय हे लोकांनीच तपासायचं ठरलं, तेव्हा संस्थेच्या मॅडमनी नेमकं हिलाच गाठलं.

आमची रड एकच. केंद्र चारला बंद होतं, कारखाना सहाला सुटतो. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला माझा एक खाडा ठरलेला. केंद्र संध्याकाळी उघडं ठेवा, एवढंच आमचं मागणं.

बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. जावेनं डोकं लढवलं. तीन डबे मांडले, चांगलं, बरं आणि वाईट, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक बटण दिलं. तरी निम्म्या जणी मागे सरत होत्या.

"वाईट बोललो तर औषध बंद करतील गं."

"मी आहे ना!" जाऊ म्हणाली. तिच्या भरवशावर बायका पुढे आल्या. त्रेचाळीस बटणांतली अडतीस 'वाईट'मध्ये पडली. तिनं आकडा वहीत लिहून मॅडमना दिला.

मॅडमनी फोन काढला. "ताई, 'चांगलं'चा डबा असा रिकामा बरा नाही दिसत. फोटोपुरती थोडी बटणं इकडे घ्या ना."

आणि या शहाणीनं स्वतःच्या हातानं ओंजळभर बटणं तिकडे ओतली. वर डब्यांमागे हसत उभी राहिली! पाहुणे येणार म्हणून पसारा आवरावा, तेवढंच वाटलं तिला.

महिन्याभरानं केंद्राच्या बैठकीत मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. पहिल्याच पानावर तो फोटो आणि खाली ओळ: लोक समाधानी, वेळ बदलण्याची गरज नाही.

जाऊ ताडकन उठली. "खोटं आहे हे! तुम्ही सांगितलंत म्हणून मी बटणं हलवली. वहीतला आकडा वाचा!"

"वही कच्ची असते, ताई," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "आणि फोटोत तुम्हीच आहात की."

सगळ्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. केसानं गळा कापला तो मॅडमनी. पण राग मला आधी हिचाच आला, खोटं कशाला सांगू? परक्या बाईला आम्ही खरं सांगितलंच नसतं. हिला सांगितलं होतं.

परवा ती दारात आली. खाडा परवडेना म्हणून माझ्या गोळ्या संपून आठवडा झाला होता, डोकं ठणकत होतं.

"जाऊबाई, तब्येत कशी आहे?"

"उत्तम," मी म्हटलं. "तसंच लिहून घे."